गावपळणीत राहून गेलेलं ताट

हे लिहायला बसलोय ते गावाच्या शिवेबाहेर, माडाच्या चुडतांच्या झोपडीत, ट्रंकेवर वही ठेवून. समोर खाडी आहे. पलीकडे आमचा गाव, आणि त्या गावात आत्ता एकही माणूस नाही. एकही चूल पेटलेली नाही, एकही कोंबडा आरवत नाही. दर चार वर्षांनी, भात कापून झोडून झालं की देवळात कौल लावतात, आणि देवाने होकार दिला की सगळा गाव तीन दिवस शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, सगळी. हिंदूंच्या वाड्या निघतात तशी ख्रिस्ती वाडीही निघते. ह्याला आमच्याकडे गावपळण म्हणतात. का पळायचं, ह्याची कारणं विचाराल तेवढी मिळतील. म्हातारे भुताखेतांचं नाव घेतात, शाळेतले गुरुजी हवापाण्याचं. मी मानसशास्त्र शिकवतो, तेव्हा माझंही एखादं कारण असायला हवंच. ते मला गेल्या गावपळणीत सापडलं, आणि ते शोधून देण्याचं श्रेय माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकाला नाही.

आज दुपारी जेवताना एक लहानशी गोष्ट घडली. इतकी लहान, की माझ्या बायकोच्या, इंदूच्याही ती लक्षात आली नसावी. ती सांगण्यासाठीच वही उघडली आहे, पण त्या गोष्टीचं मोल कळायचं तर चार वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा मी लठ्ठ होतो. ‘भरलेला’, ‘अंगापेराने बरा’ हे शब्द बायचे. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. खरा शब्द लठ्ठच. तालुक्याच्या गावी खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे पोती तोलायचा मोठा काटा होता. किलोची वजनं तेव्हा नव्यानेच आली होती, म्हणून गंमत म्हणून मी एकदा त्या काट्यावर उभा राहिलो. व्यापाऱ्याने वजनं चढवली, थांबला, आणखी चढवली आणि अगदी आदराने म्हणाला, “मास्तरांनु, दोन पोत्यांच्या वर गेल्यात तुमी.” खाडी ओलांडायच्या होडीत तरवाला मला नेहमी मधोमध बसवी. एका बाजूला बसलो तर होडी कलंडेल, हे तो बोलून दाखवत नसे, नुसता हाताने जागा दाखवी.

मी ज्या अध्यापक विद्यालयात शिकवतो, तिथे वर्ग माडीवर भरतात. जिन्याच्या मध्यावर सूचनाफलक आहे. त्या काळात मी रोज तिथे थांबून जुन्या सूचना मन लावून वाचत असे. विद्यार्थ्यांना वाटे, सर किती बारकाईने बघतात. मला वाटे, एवढी धाप खाली बसली की वर जाऊ.

आणि वर जाऊन मी शिकवत काय असे? सवयी. सवय कशी लागते, कशाने पक्की होते, कशी मोडते. हा धडा माझ्या हातचा मळ होता. खडूने फळ्यावर बाण काढत मी सांगे, आधी खूण, मग कृती, मग समाधान. खूण दिसली की कृती आपोआप घडते, तिथे विचाराला वाव राहत नाही. विद्यार्थी भराभर उतरून घेत. एकदा ऑक्टोबरातल्या अशाच तासाला मागच्या बाकावरची फिलोमिना उठून उभी राहिली. आरोंद्याची मुलगी, अबोल. तिने विचारलं, “सर, तुम्ही स्वतः एखादी सवय मोडली आहे का? मोडताना नेमकं काय होतं ते ऐकायचं होतं.”

तिच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. तिला नखं खायची सवय होती आणि मुलांपुढे शिक्षिका म्हणून उभं राहायच्या आत ती मोडायची होती, हे मला नंतर कळलं. पण सगळ्यांचे डोळे आधी माझ्या तोंडाकडे आणि मग हळूच माझ्या पोटाकडे गेले. मी म्हणालो, “पुढच्या तासाला सांगतो.” पुढच्या तासाला मी दुसराच धडा काढला. शिक्षकाने असं करू नये. मी केलं, आणि त्या रात्री नेहमीपेक्षा एक मूद भात जास्त जेवलो.

त्याच महिन्यात कणकवलीला एका डॉक्टरांकडे गेलो. इंदूला दिवस गेले होते, ती बाळंतपणासाठी माहेरी मिठबावला होती. डॉक्टरांनी छाती तपासली, वडील कशाने गेले ते विचारलं. माझे बाबा जेवून उठताना छातीत कळ येऊन गेले. तेही माझ्यासारखेच अंगाने होते म्हणतात. म्हणतात असंच म्हणावं लागतं, कारण तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि मला त्यांचा चेहरा आठवत नाही. डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. म्हणाले, “तुमच्या मुलाला तुमचा चेहरा आठवावा असं वाटत असेल, तर जेवण निम्म्यावर आणा.”

हे सांगणं सोपं होतं, पण माझं जेवण माझ्या हातात कुठे होतं! ते बायच्या हातात होतं.

बाय माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आली, आणि पाठोपाठ आई गेल्यावर घर आणि मी दोन्ही तिच्या पदरात पडलो. काथ्याची सुंभं वळून तिने मला शिकवलं. लढाईच्या दिवसांत ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला, तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा होतो आणि मला सारखी भूक लागायची. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं, की पेज पातळ असायची आणि माझी वाटी कधी रिकामी नसायची. मी मॅट्रिक झालो तेव्हा बायने सुंभांच्या कमाईतून मला एक पितळेचं ताट घेतलं. साधंसुधं नव्हे, उभ्या काठाचं, परातीला लाजवील असं. “माझो भाव ह्यात जेवतलो,” असं तिने तेव्हा वाडीभर सांगितलं होतं.

त्या ताटात मी पंधरा-सोळा वर्षं जेवलो. स्वयंपाकघरात दाराकडे तोंड करून माझा पाट, पाठीमागे चूल, चुलीशी बाय. जेवताना मी वहीत डोकं घालून उद्याच्या तासाची टिपणं वाची. ताटाकडे बघावं लागत नसे. भात संपत आला की मागून हात येई. सार संपत आलं की मागून हात येई. डॉक्टरांकडून आल्यावर मी चार वेळा म्हटलं, “बाय, पुरे.” ती म्हणायची, “होय, होय,” आणि वाढायची. एकदा जरा आवाज चढवला, तर आत गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. माझं अंग हीच तिच्या आयुष्याची मिळकत होती. ती तिच्यापासून कशी काढून घ्यायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मार्गशीर्षात कौल झाला. गावपळणीच्या आदल्या दिवसापासून बायची धांदल सुरू झाली. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, कोकमाची सोलं, चुलीसाठी तीन दगडसुद्धा तिने घरूनच घेतले. ताट चिंचेने घासून लखलखीत केलं आणि विहिरीच्या कठड्यावर उन्हात पालथं घातलं. इतक्यात देवळाकडे ढोल वाजला. ढोल वाजला की थांबायचं नसतं. शेजाऱ्यांच्या म्हशी पुढे, आम्ही मागे, असे निघालो. होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा बायने कपाळाला हात लावला. मला ती अजूनही झिला, म्हणजे पोरा, अशीच हाक मारते.

“झिला, ताट रवला!”

पैलतीरावर उतरल्या उतरल्या तिने गावकऱ्यांपैकी एका म्हाताऱ्याला गाठलं. “आप्पानु, धावत जातंय नि ताट घेवन येतंय. पाच मिनटां फकत.”

“एकदा शीव वलांडली काय परत पाय घालूचो नाय,” आप्पा शांतपणे म्हणाले. “तुका म्हायत नाय काय, बाय? ताट खंय पळान जाता?”

बाय वाळूत बसली आणि खरोखर रडली. मी तिची समजूत घालत होतो आणि मनात, सांगायला लाज वाटते, मला सुटल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या दिवशी चूल पेटायला उशीर झाला. वारा खाडीवरून येत होता, लाकडं ओलसर होती. दोन जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटल्या होत्या, भांड्यांवर झाकण म्हणून आणलेल्या. बायने एक उचलली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ह्यात काय वाढू तुका? ह्यात मांजर जेवता.”

“वाढ गो. आणि तूय बस. उजेड आसा तवर जेवया.”

झोपडीला आतबाहेर असं काही नव्हतंच. मागे उभं राहून वाढायला मागची बाजूच नव्हती. वही ट्रंकेत होती. आधीच्या गावपळणींत ताट शिगोशीग भरून मिळे आणि मी वहीत डोकं घालून जेवत असे. बाय माझ्यासमोर बसली, मांडीजवळ भाताचं टोप घेऊन. आणि तेव्हा मला कळलं, की मी माझ्या बहिणीला जेवताना कधी बघितलंच नव्हतं. मी उठल्यावर ती कधीतरी चुलीपाशी जेवून घ्यायची. काय, किती, मला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं मी एका बाईचं जेवलो आणि ती जेवली का, हे बघायला मान वळवली नाही.

आता बघितलं. तिने स्वतःला दोन मुठी भात घेतला. चार घास खाल्ले. बोलत होती शेजारणीशी, म्हशीने वाटेत कसं छळलं ते सांगत होती. बोलता बोलता तिच्या हाताने ताटलीतला उरलेला भात गोळा केला आणि माझ्या ताटलीत टाकला. नजर शेजारणीकडेच. मी तिचा हात धरला.

“बाय, ह्या काय केलंस?”

“काय केलंय?”

“तुझो भात माझ्या ताटलीत घातलंस.”

तिने माझ्या ताटलीकडे बघितलं, मग स्वतःच्या रिकाम्या ताटलीकडे. चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य. “माका समाजलाच नाय रे,” ती म्हणाली.

मी फळ्यावर इतकी वर्षं बाण काढत होतो, आणि त्या धड्याचं सगळ्यात खरं उदाहरण माझ्या घरात, माझ्या पाठीमागे उभं होतं. तिने तो घास कधीतरी विचार करून दिला असेल. मग रोज दिला. मग हाताला वळण पडलं, आणि पुढे तांदळाची चणचण संपली, मी मिळवता झालो, तरी हात थांबला नाही. माझ्या अंगावर जे चढलं होतं त्यातलं बरंचसं तिच्या वाटचं होतं. ती वाळत गेली होती, आणि मी तिला कधी विचारलं तर म्हणायची, “माझी चणच तशी.” मी मानसशास्त्राचा पदवीधर असून ते खरं मानलं होतं. मला तेव्हा फार शरम वाटली, आणि तितकंच तिच्याबद्दल भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खाडीच्या कडेला भांडी घासताना, मी तिला विचारलं, हे कधी सुरू झालं. ती राखेने टोप घासत राहिली. मग म्हणाली, “त्या वर्सां तू दुसऱ्यांदा पेज मागलंस काय मी टोप खरवडत रवायचंय. टोपात नसायचीच ना रे पेज. मगे मी माझी पयलीच घालूक लागलंय. तुका मागूचाच पडू नये म्हणान.”

मागावंच लागू नये म्हणून. आमच्या घरात कुणी कधी ‘वाढ’ म्हणत नसे, ह्याचं कारण हे होतं. आणि मी समजत होतो की ही घराची रीत.

तिथेच, ओल्या हातांनी, आम्ही एक करार केला. न मागता कुणी कुणाला वाढायचं नाही. ज्याला हवं त्याने तोंडाने मागायचं. आणि दोघांनी समोरासमोर बसायचं. तिला डॉक्टरांचं सांगितलं, तेही तिथेच. बाबांचं नाव आल्यावर तिने घासणं थांबवलं. तिला बाबांचा चेहरा आठवत होता. “आधी कशाक सांगूक नाय, मेल्या?” एवढंच म्हणाली, आणि टोप पुन्हा घासायला घेतलं.

त्या दुपारी मी मोठेपणी पहिल्यांदा भात मागितला. विश्वास ठेवा, वर्गात तासभर बोलणाऱ्या माणसाची जीभ ‘वाढ’ म्हणताना अडखळली. मागायचं म्हटलं की आधी स्वतःला विचारावं लागतं, खरंच भूक आहे का? एकदा मागितला. दुसऱ्यांदा मागायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की भूक नाही. इतकी वर्षं ती कधी संपते हे मला कळायलाच मिळालं नव्हतं.

चौथ्या दिवशी कौल मिळाला आणि गाव परत फिरला. विहिरीच्या कठड्यावर ताट तसंच पालथं होतं, वर वाळकी पानं पडलेली. बायने ते धुतलं आणि हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मीही उभा राहिलो. आत पाट होता, दाराकडे तोंड केलेला. मला त्या क्षणी भूक लागली, नुसता पाट बघून. आणि बायचा हात भाताच्या टोपाकडे निघालेला मी बघितला.

“बाय, आज मागल्या पडवीत बसूया,” मी म्हणालो.

तेव्हापासून आम्ही मागच्या पडवीत जेवतो. समोर अळवाचा वाफा, बाजूला न्हाणीचं चुलाण. ताटल्या त्याच, जर्मनच्या. पितळेचं ताट पाण्याच्या हंड्यावर झाकण झालं. पुढे आमच्या मुलीच्या बारशाला इंदूने त्यात तांदूळ पसरून तिचं नाव लिहिलं, तेव्हा ताटाचं झाकण झाल्याचा बायचा रुसवा गेला.

हे सगळं एका दमात झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुरुवातीचे काही आठवडे बाय घुश्शात असायची. करार तिने मोडला नाही, पण टोपाचं झाकण दाणकन ठेवायची. वाडीतल्या बायका म्हणायला लागल्या, भावाची बायको माहेरी गेली आणि बहिणीने त्याला उपाशी ठेवला. ते तिला फार लागलं. शिमग्यात नारळाच्या रसातल्या शिरवाळ्यांपुढे, म्हणजे तांदळाच्या शेवयांपुढे, माझा निश्चय एका सकाळी दोनदा कोसळला. दुपारी चारच्या सुमाराला मला जी भूक लागायची तिला मी अजूनही घाबरून असतो. पण घसरलो तरी पडवी होती, समोर बाय होती, आणि पुन्हा मागायचं होतं. हळूहळू चाललं. होडीत तरवाल्याने मला एक दिवस मधे न बसवता जागा मिळेल तिथे बसू दिलं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र आलं.

फिलोमिनाला उत्तर मी गावपळणीनंतरच्या पहिल्याच तासाला दिलं. बाण काढले नाहीत. ताट विसरल्याची गोष्ट सांगितली, माझ्या पोटाचीही सांगितली. वर्ग हसला, मीही हसलो. शेवटी म्हणालो, “मी अजून मोडलेली नाही. मोडतो आहे. मला एवढंच कळलंय की एकट्याने नुसतं ‘नको, नको’ म्हणून भागत नाही. थोडी जागा बदलावी लागते, आणि आपल्या सवयीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते बघावं लागतं.” वर्षाच्या शेवटी निरोप घ्यायला आली तेव्हा तिने दोन्ही हात पुढे करून दाखवले. नखं वाढलेली होती. आता ती तिकडे आरोंद्याच्या बाजूलाच शिकवते. माझ्यासारख्या पळपुट्या माणसाला तिने तो प्रश्न विचारला, ह्याबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे.

वर्ष-दीड वर्षाने खोबऱ्याच्या काट्यावर पुन्हा उभा राहिलो, तर अर्धं पोतं उतरलं होतं. त्याच सुमाराला बायला चोळ्या घट्ट व्हायला लागल्या. तिने त्या उसवून घेतल्या आणि कुणाला सांगितलं नाही. इंदूनेच मला सांगितलं.

पण करारातली एक बाजू राहूनच गेली होती. मी मागायला शिकलो. बायने चार वर्षांत एकदाही मागितलं नाही. दर जेवणात मीच विचारायचो, “बाय, वाढू?” आणि ती हो-नाही करत मान हलवायची. बिनबोभाट ताटलीत पडलं तर जेवायची, पण तोंडाने ‘वाढ’ म्हणणं तिला जमत नव्हतं. माझ्यासाठी तिने जी भूक गिळली होती, ती अजून घशातच अडकलेली होती असं मला वाटायचं. ह्याची मी तिला आठवण करून दिली नाही. काही गोष्टी फळ्यावर घ्यायच्या नसतात.

काल ढोल वाजला आणि आम्ही पुन्हा खाडी ओलांडून आलो. इंदू आहे, मुलगी आहे. मुलगी चार वर्षांची व्हायला आली, बाबा गेले तेव्हा मी होतो तेवढी. सकाळपासून ती मला शेजाऱ्यांच्या कोंबड्यांमागे पळवते आहे, आणि मी पळतो आहे. ह्या वेळी सामान भरताना बायने काहीच विसरलं नाही. पितळेचं ताट तिने मुद्दाम घरीच ठेवलं.

आज दुपारी सगळे गोल करून बसलो. कुळथाची पिठी होती, भाजलेला सुका बांगडा होता. मुलगी बडबडत होती, इंदू तिच्या तोंडात घास कोंबत होती. चूल ह्या वेळी थोडी वर, चढावर मांडली आहे, भाताचं टोप तिथेच राहिलं होतं. माझं जेवण झालं होतं. एवढ्यात बायने आपली रिकामी ताटली उचलली आणि माझ्यापुढे धरली.

“झिला, भात बरो झालो हा,” ती म्हणाली. “माका आणखी वाढ.”

मी उठलो. चढावर गेलो, भात घेतला, खाली आलो आणि तिला वाढला. धाप लागली नाही. मग तिच्यासमोर बसून राहिलो. बाय खाली मान घालून जेवत होती, आणि सगळा भात तिने स्वतःच खाल्ला.